मूळ गाव

दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा असतो आणि दुसरा मूळ गावाचा. "आपण कर्जतचेच का?" "हो, कर्जतचाच." "नाही, पण मूळचे?" या 'मूळचे'मध्येच सगळी गोम असते. कर्जतला तुमच्या तीन पिढ्या नांदल्या असोत, आजोबांनी लावलेल्या फणसाचे गरे तुमची नातवंडं खात असोत, समोरच्याचं समाधान होत नाही. शेवटी तुम्ही म्हणता, "मूळचे आम्ही राजापूरकडचे." त्याचा चेहरा उजळतो. "अस्सं! पण राजापूरला कुठून आलात?" इथं मात्र भल्याभल्यांची बोबडी वळते. राजापूरच्या आधीचं सांगायला आजोबा हयात नसतात, आणि असले तर त्यांना सकाळी औषध घेतलं की नाही तेही आठवत नसतं.

कर्जतला हा प्रश्न जरा जास्तच विचारतात, आणि ते बरोबरही आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि तिथं दम खात बसली. बोरघाट फोडून गाडी वर चढायला १८६३ उजाडलं. अजूनही पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इंजिनं आली म्हणजे ड्रायव्हर आले, गार्ड आले, वडेवाले आले, पाठोपाठ मास्तर आणि वकील आले. खालापूर-खोपोलीला कारखाने आले, त्यांच्याबरोबर सगळा हिंदुस्थान आला. अलीकडे फार्महाऊसवाले आले. ते शनिवारी येतात आणि रविवारी रात्री जातात, पण गेटावर स्वतःच्या गावाचं नाव देऊन जातात. अशा गावात 'मूळचा' माणूस शोधायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीत यजमान शोधण्यासारखं आहे.

आमच्या थोरल्या मेहुण्यांनी या प्रश्नाला आपलं उर्वरित आयुष्य वाहिलेलं आहे. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतला. जन्मभर लोकांचे सातबारे पाहिले, आता स्वतःचा पाहू, असा विचार असावा. ते सव्वातीनशे वर्षं मागं जाऊन पोचले आहेत. तिथं एक मूळपुरुष उभा आहे. त्याच्याआधी काय होतं, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काही नाही." जसा काही हा गृहस्थ पगडी-उपरण्यासह कोकणातल्या एखाद्या आगरात उगवला आणि उगवल्या उगवल्या त्यानं खोताशी भांडण काढलं.

"दादा," मी म्हटलं, "तुमचं मूळ गाव आफ्रिका."

फराळाचं ताट तसंच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. आमच्या सौ.नी माझ्याकडे बघण्याचं कष्ट घेतले नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलंय, की माझ्या हाती नवं पुस्तक आलं की ते मी माहेरच्या माणसांवरच वापरून बघतो.

पण यात माझं काहीच नाही. आपल्यासारख्या माणसांची सर्वांत जुनी मानली जाणारी हाडं मोरोक्कोत जेबेल इरहूद इथं सापडली आहेत. ती सुमारे तीन लाख वर्षांची असल्याचं २०१७ साली जाहीर झालं. त्या माणसांच्या पणतू-खापरपणतूंपैकी काहीजण साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिका सोडून निघाले, आणि आफ्रिकेबाहेरची आजची बहुतेक सगळी जनता, मेहुण्यांच्या मूळपुरुषासकट, प्रामुख्यानं त्यांचीच प्रजा, असं बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालतात. मूळपुरुषाच्या पगडीला यानं धक्का लागत नाही. फक्त वंशावळीचा कागद थोडा लांब घ्यावा लागेल.

हा आफ्रिकेचा शोध ज्यांनी लावला त्यांची चरित्रं वाचताना मला नेहमी वाटतं, की ही माणसं आपल्याकडे जन्मली असती तर घरच्यांनीच त्यांना वाळीत टाकलं असतं. रेमंड डार्टचंच बघा. जोहान्सबर्गला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. १९२४ सालचा नोव्हेंबर. घरात मित्राचं लग्न, हे नवरदेवाचे पाठराखे, कडक कॉलरचा पोशाख अर्धा अंगावर चढलेला, आणि दारात टाऊंगच्या चुनखडीच्या खाणीतून पाठवलेल्या दगडांची खोकी येऊन उतरली. लग्नघरात शहाणा माणूस खोकी माळ्यावर टाकून अक्षता हातात घेतो. डार्टसाहेबांनी कॉलर ओरबाडून काढली आणि खोकी फोडायला घेतली. दुसऱ्या खोक्यात दगडात उतरलेला मेंदूचा साचा निघाला. तो हातात धरून हे समाधी लागल्यासारखे उभे, आणि नवरदेव बाही ओढतोय, की बाबा रे, मुहूर्त चाललाय! आपल्याकडे तेवढ्यात वधूपक्षानं "मुलाच्या बाजूचे लोक विचित्र आहेत" असा निकाल देऊन टाकला असता.

पुढं त्यांनी बायकोच्या विणायच्या सुया घेऊन तो दगड कोरला. नाताळाच्या आधी दोन दिवस चेहरा मोकळा झाला, तो एका लहान मुलाचा. दुधाचे दात जागेवर. वानरासारखा मेंदू लहान, पण डोकं मानेवर असं बसलेलं की मूल दोन पायांवर उभं राहत असणार. डार्टनी १९२५ च्या फेब्रुवारीत हे जाहीर केलं, त्याला 'ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकॅनस' असं भारदस्त नाव दिलं, आणि लंडनच्या बड्या मंडळींनी ते सगळं हसण्यावारी नेलं. हे तर वानराचं पिल्लू, म्हणाले.

त्यांच्या हसण्यालाही कारण होतं. त्यांना त्यांचा पूर्वज आधीच मिळालेला होता, आणि तोही अगदी घराजवळ, इंग्लंडातच, पिल्टडाऊन इथं, १९१२ साली. मोठं डोकं, इंग्रजी माती, आणखी काय पाहिजे? एवढं स्थळ सांगून आलेलं असताना आफ्रिकेचं कोण करणार! चाळीसेक वर्षं तो पिल्टडाऊनचा गृहस्थ मूळपुरुष म्हणून मिरवला. १९५३ साली उघड झालं, की कवटी साध्या माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीनं घासलेले आणि सगळ्याला जुनेपणाचा रंग दिलेला. आपल्याकडे अशी कागदपत्रं चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतात. मेहुण्यांनी नोकरीत असली बरीच पाहिली आहेत, त्यामुळे एवढ्या भागावर त्यांचा चटकन विश्वास बसला.

मूळ गाव आपल्याच गावाजवळ असावं ही हाव सगळ्यांना असते. आपणही काही मागं नव्हतो. लुइस नावाचा येल विद्यापीठाचा एक तरुण १९३२ साली आपल्या शिवालिकच्या डोंगरात, हरितल्यांगरला आला. तिथल्या जबड्यांच्या तुकड्यांतून १९३४ साली त्यानं एकदम दरबारच भरवला. रामापिथेकस, ब्रामापिथेकस, सुग्रीवपिथेकस. शिवापिथेकस त्याच्या आधीपासून होताच. नुसतं हनुमानाचंच नाव कसं राहिलं कोण जाणे. वशिला कमी पडला असणार. यातला रामापिथेकस पुढं फार चढला. १९६० नंतर तो माणसाचा पहिला पूर्वज म्हणून पाठ्यपुस्तकांत बसला. आमच्या पिढीनं तो परीक्षेत लिहून मार्क घेतले आहेत. पण पुढं पाकिस्तानात त्याच्या भाऊबंदांचा बराचसा चेहरा सापडला, तो १९८२ साली छापून आला, आणि लक्षात आलं की रामा आणि शिवा हे एकाच घरातले, आणि त्यांचं नातं ओरांगउटानशी आहे, माणसाशी नाही. रामापिथेकस पुस्तकातून मुकाट्यानं गेला. मार्क मात्र कुणी परत मागितले नाहीत.

तेव्हा आफ्रिका ती आफ्रिकाच. टांझानियात ओल्डुवाय नावाची घळ आहे. लुई लीकी तिथं १९३१ सालापासून हाडं शोधत होता. अठ्ठावीस वर्षं! दगडाची हत्यारं मिळत, ती करणारा मिळत नसे. म्हणजे घरात भांडी आहेत, स्वयंपाकीणबाई नाहीत. १७ जुलै १९५९ रोजी लुईसाहेब तापानं तंबूत पडले होते. बायको मेरी आपली कुत्री घेऊन फिरायला गेली, आणि उतारावर तिला कवटीचा तुकडा आणि दोन मोठे दात मातीतून डोकावताना दिसले. ती गाडी पिटाळत परत आली. साहेबांचा ताप पळाला. पण दात पाहिल्यावर त्यांचं तोंड उतरलं म्हणतात, कारण हा त्यांना हवा होता तसला माणूस नव्हता. डार्टच्या मुलाच्याच गोतातला, दाढा जात्याच्या पाळीएवढ्या. अठ्ठावीस वर्षं नवऱ्यानं शोधायचं, बायकोनं एका सकाळी काढून द्यायचं, आणि वर नवऱ्यानं "हे नव्हे" म्हणायचं, हा प्रकार मला चष्मा आणि किल्ल्या यांच्याबाबतीत अगदी ओळखीचा वाटतो.

त्याचं नाव ठेवलं 'झिंजान्थ्रोपस बॉयसी'. यातले बॉयसी म्हणजे चार्ल्स बॉइज, खोदकामाला पैसे देणारे गृहस्थ. आपल्या देवळांत पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं असतात, पंखा चालू झाला की कुणालाच वाचता येत नाहीत. बॉइज यांचं नाव त्यापेक्षा टिकाऊ जागी लागलं. त्या कवटीच्या थरातली ज्वालामुखीची राख तपासून १९६१ साली वय काढलं, ते भरलं साडेसतरा लाख वर्षं. तोवर लीकीसुद्धा सहा लाखांच्या आसपासच समजत होते.

आणि १९७४ च्या २४ नोव्हेंबरला इथिओपियात हदार इथं डोनाल्ड जोहान्सनला ती साडेतीन फुटी बाई सापडली. बत्तीस लाख वर्षांची. जवळजवळ चाळीस टक्के सांगाडा जागेवर. एवढं या धंद्यात म्हणजे घबाडच. रात्री छावणीत बीटल्सची टेप चालू होती, त्यातल्या गाण्यातल्या मुलीवरून तिचं नाव पडलं लूसी. बारसं असं रेडिओवर सोडू नये असं माझं मत आहे. आमच्याकडे त्या रात्री बिनाका गीतमाला चालू असती तर मानवजातीच्या आजीचं नाव काय पडलं असतं या विचारानं मला झोप येत नाही. इथिओपियाच्या लोकांनी तिला 'दिंकिनेश' म्हटलं, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. हे जास्त शोभतं.

पण या सगळ्यांत माझ्या आवडीची गोष्ट लाएटोलीची. १९७६ साली तिथं काही शास्त्रज्ञ संध्याकाळी हत्तीचं वाळलेलं शेण एकमेकांना फेकून मारत होते. चांगले पदवीधर, हं! त्यातला अँड्र्यू हिल शेण चुकवताना पडला आणि नाक जमिनीला लागल्यावर त्याला दिसलं, की खालच्या दगडावर थेंबांचे आणि जनावरांच्या पावलांचे ठसे आहेत. दोन वर्षांनी त्याच परिसरात माणसासारख्या दोन पायांवर चाललेल्यांची रांगच मिळाली. छत्तीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, वर पावसाचा शिडकावा झाला, त्यावरून कुणीतरी चालत गेलं, आणि वर पुन्हा राख पडून सगळं झाकलं गेलं. ताज्या सारवलेल्या अंगणातून पोरं गेली की आजी ओरडायची ना, "उठले बघ ठसे!" अगदी तसंच. एक मोठं पाऊल, शेजारी एक लहान. मोठं चालणारं लहानासाठी थांबत असेल का, असं आपल्या मनात येतंच. दगडावरून तेवढं कळत नाही.

मग हे सगळं आमच्या कर्जतलाच का नाही मिळत? इतकी विहीर, इतके पाये, इतके बोगदे खणले, एखादी दाढ तरी निघायची! आमच्या प्लॉटवर विहिरीचं काम चालू होतं तेव्हा अशी आशा खरोखरच निर्माण झाली होती. दहा-बारा फुटांवर एक गोल गरगरीत धोंडा निघाला. शेजारचे गृहस्थ धावत आले आणि त्यांनी तो डायनॉसोरचं अंडं म्हणून जाहीर केला. दुपारपर्यंत आळीतली मुलं रांग लावून पाहून गेली. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. सुदैवानं आमचे एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक स्नेही दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होते. त्यांनी हातोडीनं टक्‌ केलं आणि त्या अंड्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागले. आमचा काळा फत्तर कुजतोच तसा, म्हणाले. कोपरे आधी झिजतात आणि धोंडा गोल होतो. शेजाऱ्यांनी उरलेला गाभा शोकेसमध्ये ठेवला आहे. अजून ते त्याला अंडंच म्हणतात.

प्राध्यापकांनी जेवताना पोळ्यांची चवड दाखवून समजावलं. सह्याद्री म्हणजे ही चवड. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपास जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. माथेरान, राजमाची, प्रबळगड, सगळ्या या पोळ्याच. डायनॉसोर संपले ते याच सुमारास. माणसाचा आणि चिंपँझीचा चुलतघरोबा तुटला तो जेमतेम साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आमचा दगड माणसाच्या मानानं फारच म्हातारा. पणजोबांच्या पाळण्यात नातू शोधण्यात अर्थ नाही. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचत, तिथं मात्र काही ना काही मिळतं. वरळीच्या टेकडीत असा एक चिमुकला बेडूक मिळाला आणि १८४७ साली लंडनला त्याचं नामकरणही झालं. वरळीला इतक्या आधी जागा घेऊन ठेवणारा तो एकटाच.

बरं, दगडाच्या वर माती आहे, तिच्यात तरी? तिथं आमचा पाऊस आड येतो. हाड टिकायला ते चटकन गाळात किंवा राखेत गाडलं जावं लागतं आणि भोवती थोडा चुना असावा लागतो. आफ्रिकेत ती जमीन फाटली, ज्वालामुखी राख शिंपत राहिले, आणि नंतर ओढ्यांनी ते थर नीट कापून वहीच्या पानांसारखे उघडे करून ठेवले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं, माती आंबट, उतार हा असा! इथं लोखंडी कपाटातलं लग्नाचं आल्बम चार पावसाळे काढत नाही, तर हाड कुठलं टिकायला? आमच्या मूळपुरुषांनी इथं देह ठेवला असेलही. उल्हास आणि पाताळगंगा यांनी तो केव्हाच समुद्राला नेऊन दिला.

घाटावर मात्र बरं आहे. नद्यांनी गाळाचे थर साठवून ठेवले आहेत. आगगाडी बोरघाट चढली त्याच १८६३ साली, मे महिन्यात, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लवरमला हातकुऱ्हाड सापडली आणि हिंदुस्थानातल्या अश्मयुगाला वाचा फुटली. आमच्या बाजूला १९३० नंतर टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं कांदिवलीला तशी हत्यारं गोळा केली. कांदिवलीला दगडी हत्यारं, यात आज संध्याकाळच्या लोकलनं जाणाऱ्या कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण खरा संसार थाटला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं. हसमुख धीरजलाल सांकलिया, जन्म मुंबईचा, घरचे गुजराती, १९३९ पासून पुण्याचे, आणि पायांना चाक. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली त्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी, १९५४ पासून ते खपले. तिथं खाली जाड्याभरड्या हातकुऱ्हाडी, वर गारगोटीच्या जातीच्या दगडांच्या नाजूक तासण्या, त्याच्याही वर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं आणि घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली त्यांची लहान मुलं. हाती कुऱ्हाड धरणारा मात्र नाही. गोदावरीच्या गाळात प्रचंड हत्तींची, रानबैलांची हाडं मिळाली. माणूस तेवढा गैरहजर.

नेवाशाजवळच चिरकीला १९६६ ते ६९ गुद्रुन कॉर्विनस नावाच्या एका जर्मन विदुषींनी उत्खनन केलं. नगर जिल्ह्यातलं ऊन, बाजरीची भाकरी, आणि ओढ्याच्या गोट्यांत हातकुऱ्हाडी. पुढं या बाई गेल्या कुठं? इथिओपियात, हदारला! लूसी ज्या मोहिमेत सापडली तिच्यात त्या होत्या, आणि जवळच्या गोना भागात जगातल्या अतिप्राचीन हत्यारांचा पहिला माग लावणाऱ्यांतही त्या होत्या. अखेरची वर्षं पुण्यात काढली. नेवासा ते लूसी असा थेट प्रवास केलेली ही व्यक्ती, पण नेवाशाच्या एसटी स्टँडवर कुणाला विचारा! तिथं तुम्हाला फक्त नगरची गाडी किती वाजता ते सांगतील. तेही चुकीचं.

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठच्या बोरीची तर कथाच निराळी. तिथं हातकुऱ्हाडींच्या संगतीत ज्वालामुखीची राख मिळाली. आता जुन्नरला कुठला जिवंत ज्वालामुखी? राख समुद्रापलीकडून आलेली. १९८९ साली डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिचं वय जवळजवळ चौदा लाख वर्षं दिलं. मग दुसऱ्या तपासणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास आलं. आणखी काहींनी सांगितलं, ही तर सुमात्रातल्या तोबाच्या स्फोटाची, पंच्याहत्तर हजार वर्षांची. एकाच राखेचं वय चौदा लाख, पावणेसात लाख आणि पाऊण लाख! मुलीचं वय सांगतानाही इतकी घासाघीस होत नाही.

माणूस एकदाच सापडला, तोही नर्मदेला. ५ डिसेंबर १९८२ रोजी होशंगाबादजवळ हथनोराला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना कवटीचा उजवा भाग मिळाला. एवढ्या मोठ्या देशात इतका जुना म्हणावा असा हा एकच डोक्याचा तुकडा, आणि तो नेमका कोणत्या जातीचा यावरून तेव्हापासून वाद. भारतात सापडल्यावर जातीवरून वाद होणारच.

हे सगळं मेहुण्यांना सांगून झालं. दिवाळीनंतर ते पुन्हा आले तेव्हा मी त्यांना कोंढाण्याची लेणी बघायला नेलं. कोंदिवड्याहून पुढं चढ आहे आणि वाट फसवी, म्हणून वाडीतले एक कातकरी म्हातारबाबा बरोबर घेतले. डोक्यावर टोपली, हातात कोयता. आम्ही धापा टाकत होतो आणि ते चालता चालता कुठल्या भोकात खेकडा आहे, कुठल्या नुसता मुक्काम सोडून गेलाय, हे सांगत होते. दोन्ही भोकं मला सारखीच दिसत होती. लेण्यात मेहुण्यांना मी भिंतीजवळच्या भंगलेल्या मूर्तीशेजारचा ब्राह्मी लेख दाखवला. कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं, असं त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यात हात चालवणाऱ्या कारागिराचं नाव अजून वाचता येतं, याचं मेहुण्यांना फार कौतुक वाटलं. आडनाव नसल्याची मात्र चुटपुट लागली.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "भावोजी, तुमचे ते आदिमानव शोधायला आफ्रिकेत कशाला जायचं? सरकारी यादीत यांना आदिम जमात म्हटलेलंच आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. मी दाखले दिलेत ना."

खातं सुटलं तरी यादी सुटत नाही. मी म्हटलं, "दादा, ही यादी कुणी केली ते ठाऊक आहे. पण साठ-सत्तर हजार वर्षांत तुमच्या अडीच-तीन हजार पिढ्या झाल्या तशा यांच्याही झाल्या. यांची एकही कमी नाही. ते जुने आणि तुम्ही नवे, असं त्या हाडांत कुठं लिहिलेलं नाही. कात कमी झाला, जंगल बंद झालं, तशी ही माणसं वीटभट्टीवर गेली. याला आदिमपणा नाही म्हणत, याला बेकारी म्हणतात."

आणि मग मी त्यांना कामोया किमेऊची गोष्ट सांगितली. केनियातला कांबा जमातीचा माणूस. १९६० च्या सुमारास लीकींकडे मजुरीवर लागला. मेलेल्यांच्या हाडांना हात लावायचा म्हणून घरच्यांना धास्ती. पण नजर अशी, की साहेब लोक जिथून गाडी घेऊन जात तिथं याला खड्यांमध्ये हाड दिसायचं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये तुर्काना सरोवराजवळ त्यानं काड्यापेटीएवढा कवटीचा तुकडा उचलला. काळे खडे आणि काळंच हाड. त्यातून निघाला सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ अख्खा सांगाडा. तेवढा पुरा आजवर फारच थोड्यांचा मिळालाय. किमेऊ २०२२ साली गेला. पुस्तकांच्या वेष्टणांवर नावं लीकींची.

म्हातारबाबा विडी ओढत ऐकत होते. मेहुण्यांना राहवलं नाही. "बाबा, तुमचं मूळ गाव कुठलं हो?"

"हितलाच हाय मी."

"नाही, पण मूळचे?"

"आदुगर वाडी वर व्हती, त्या टेपाडावर. मालकानं जागा इकली, तितं फारमहौस झालं, तवा खाली आलो. आता खालचा मालक बी मोजणी करून गेला म्हन्तात."

अशा पुष्कळ वाड्या आहेत. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असते. मेहुण्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते एकदम दुसरीकडे बघू लागले. मी वातावरण सैल करायला म्हटलं, "बाबा, आपण सगळे मूळचे आफ्रिकेचे बरं का. तुम्ही, मी, हे साहेब, सगळे. समुद्रापल्याड. तिथून चालत आलो."

म्हातारबाबांनी ते मनावर घेतलं. थोडा वेळ खाली उल्हासच्या खोऱ्याकडे बघितलं, विडी दगडावर विझवून अर्धी कानामागं ठेवली, आणि मेहुण्यांकडे वळून विचारलं, "मंग तितं आपल्या नावावर काय जागा हाय का, सायेब?"

पस्तीस वर्षं महसुलात काढलेला माणूस. सवयीनं उत्तर निघून गेलं. "नोंद पाहिजे. नुसतं मूळचे म्हणून चालत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलेलं असलं पाहिजे."

"म्हंजी हितल्यावानीच," म्हातारबाबा म्हणाले, आणि टोपली डोक्यावर घेऊन आमच्या पुढं उतरू लागले.